पिकअपचे ऑल-टेरेन टायर आणि अल्बर्टाचा हिवाळा : नवीन आलेल्यांसाठी

कॅनडातल्या कॅलगरीत आल्यावर दुसऱ्या वर्षी मी आईला फोनवर सांगितलं, "ट्रक घेतला." पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "नोकरी गेली का रे?" इथे ट्रक म्हणजे पिकअप, डॉक्टरपासून सुतारापर्यंत सगळे तो चालवतात, हे तिला पटवायला दहा मिनिटं गेली.

तो ट्रक जुना हाफ-टन होता. हाफ-टन म्हणजे एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो या वर्गातली गाडी. विकणाऱ्याने टायरवर हात थोपटून सांगितलं होतं, "ऑल-टेरेन आहेत, जवळजवळ नवे. हिवाळ्याची चिंताच नाही." ऑल-टेरेन म्हणजे डांबर, खडी, चिखल सगळीकडे चालणारे. टायर दिसायलाही दणकट होते. बोटभर जाडीचे ठोकळे, मधे खोल खाचा, कडेला पांढरी अक्षरं. मी खूश.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी शाळेजवळच्या सिग्नलला पिवळा लागला. वेग जेमतेम तीस. ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल कडकड थरथरायला लागलं (ते एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, तेव्हा मला गाडी मोडली असंच वाटलं) आणि ट्रक काही केल्या थांबेना. थांबा-रेघ ओलांडून, अर्धा चौक पार करून तो पदपथाच्या कठड्याला टेकला, तेव्हा कुठे थांबला. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

दुसऱ्या दिवशी टायरपाशी उकिडवा बसलो आणि त्यावर काय लिहिलंय ते पहिल्यांदाच वाचलं. आधी वाचायला हवं होतं. तुम्ही गाडी घेण्याआधी वाचा.

आधी एक भाषेची अडचण

आपल्याकडे स्नोलाही बर्फ आणि आइसलाही बर्फच. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठले तरी पेपरात "बर्फ पडला" असं छापून येतं, तिथे आणखी शब्द लागणार कशाला? पण टायरच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून या लेखात मी त्यांना स्नो आणि आइसच म्हणणार आहे.

स्नो भुसभुशीत असतो. टायरचे ठोकळे त्यात रुततात, स्नो खाचांमध्ये दाबून बसतो आणि स्नोची स्नोवर पकड बसते. बालपणी चिखलाचा गोळा चिखलालाच कसा चिकटायचा ते आठवा. इथे ऑल-टेरेन टायरच्या मोठ्या खाचा खरंच कामाला येतात.

आइसवर रुतायला काही नसतं. तिथे पकड येते ती फक्त रबर किती मऊ राहतं आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा किती आहेत यावरून. या चिरांना सायपिंग म्हणतात, ब्लेडने कापल्यासारख्या दिसतात. ठोकळा दबला की चिरांच्या कडा उघडतात आणि आइसवरचा पाण्याचा पातळ थर पुसून घेतात. मोठा, सलग, चिरा नसलेला ठोकळा आइसवर म्हणजे शेवाळलेल्या फरशीवर नव्या चामड्याची चप्पल.

ऑल-टेरेनबद्दल ऐकू येणारी "हिवाळ्यात मस्त चालतो" आणि "हिवाळ्यात मरायची वेळ आणतो" ही दोन्ही मतं खरी असतात. पहिला माणूस स्नोबद्दल बोलत असतो, दुसरा आइसबद्दल.

पहिली पायरी : टायरची बाजू वाचा

मोबाईलचा टॉर्च लावा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, खूण. बहुतेक ऑल-टेरेनवर एम+एस लिहिलेलं असतं, म्हणजे मड अँड स्नो. ही अक्षरं टायरच्या नक्षीवरून मिळतात, खाचा पुरेशा मोकळ्या असल्या की झालं. तो टायर कोणी स्नोवर चालवून पाहिलेला असेलच असं नाही. दुसरी खूण जास्त कामाची: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. अमेरिका आणि कॅनडाच्या टायर उद्योगाने ती १९९९ मध्ये आणली. ती मिळवायला टायरला दाबलेल्या स्नोवर ओढ घेण्याची, म्हणजे न घसरता गाडी पुढे खेचण्याची, परीक्षा द्यावी लागते आणि एका ठरावीक प्रमाण-टायरपेक्षा किमान दहा टक्के सरस ठरावं लागतं.

इथे परीक्षेचा पेपर नीट बघा. विषय स्नो, प्रश्न ओढ घेण्याचा. आइसवर ब्रेक लावणं आणि वळणावर टिकून राहणं अभ्यासक्रमातच नाही. डोंगर-हिमकणवाला ऑल-टेरेन आणि खरा विंटर टायर, दोघांच्या अंगावर खूण तीच असते, पण आइसवर दोघांत बरंच अंतर असतं. ही खूण म्हणजे पास झाल्याचा दाखला आहे, त्यावर गुण लिहिलेले नसतात.

दुसरी गोष्ट, आकाराच्या आकड्याआधी एलटी आहे का. म्हणजे "एलटी २७५/६५ आर १८" की "पी २७५/६५ आर १८", की आधी काहीच नाही. पी म्हणजे पॅसेंजर, साध्या गाडीचा. एलटी म्हणजे लाइट ट्रक: जाड बाजू, जास्त थर, जड ओझ्यासाठी. त्यातला लोड रेंज ई म्हणजे टायरवाल्यांच्या भाषेत दहा प्लाय, म्हणजे दहा थरांइतका दणकट, हवा ८० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं माप). असा टायर त्याच मापाच्या पी टायरपेक्षा सहज चार-पाच किलो जड असतो. रोज खडीच्या रस्त्यावर जाणाऱ्याला किंवा ट्रेलर ओढणाऱ्याला तो हवा. ऑफिस, मुलांची शाळा आणि कॉस्टको एवढाच फेरा असेल तर तुम्ही इंधन जाळून चार धोंडे फिरवताय.

तिसरी, वय. डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा लांब नंबर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. कधीकधी पूर्ण नंबर टायरच्या आतल्या बाजूला असतो, मग गाडीखाली मान घालावी लागते. माझ्या "जवळजवळ नव्या" टायरचं वय यावरून कळलं: सात वर्षं. नक्षी खोल होती कारण गाडी उभीच असायची. ठोकळे तरणे आणि रबर म्हातारं. अंगठ्याचं नख दाबून पाहिलं तर दारावर दाबल्यासारखं लागलं. त्यावर फक्त एम+एस होतं, डोंगर नव्हताच.

दुसरी पायरी : तुमचा रस्ता कोणता ते ठरवा

ऑल-टेरेन हा मधला प्राणी आहे. बीएफ गुडरिचने १९७६ मध्ये पिकअपसाठी रेडियल ऑल-टेरेन टायर आणला, तेव्हापासून याचं काम तेच: डांबरी रस्त्याने कामावर जा, खडीच्या रस्त्याने साइटवर जा, चिखलातून परत ये, टायर मात्र बदलू नकोस.

डांबरी रस्त्यावर रोज काय जाणवतं ते सांगतो. पहिला आवाज. डीअरफूट ट्रेल या शहरातल्या महामार्गावर ऐंशी-शंभरच्या वेगात एक सलग गुणगुण येते. आताचे टायर पूर्वीपेक्षा शांत आहेत, पण पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे असे वेळेवर फिरवले नाहीत तर ठोकळे एका बाजूने झिजतात आणि गुणगुणीचं घोंघावणं होतं. मग बायको विचारते, बेअरिंग गेलंय का? (आमच्याकडे विचारलं. नव्हतं गेलेलं.) दुसरं, इंधन थोडं जास्त लागतं. तिसरं, ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी साध्या हायवे टायरपेक्षा पुढे जाऊन थांबते. ठोकळे मोठे आणि हलते, खाचा रुंद, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी.

चौथं सांगायला कोणी आठवण ठेवत नाही: खडे. कॅलगरीत हिवाळ्यात घसरण कमी व्हावी म्हणून रस्त्यावर बारीक खडी टाकतात. ऑल-टेरेनच्या खाचा ती उचलतात आणि वेग आला की मागे भिरकावतात. इथल्या निम्म्या गाड्यांच्या काचेला तडा का असतो, ते पहिल्या मार्चमध्ये कळेल. चांगल्या ऑल-टेरेनमध्ये खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते खडे बाहेर ढकलतात. तरी मडफ्लॅप बसवून घ्या, मागच्याचा दुवा लागेल.

खडीच्या रस्त्यावर मात्र हा टायर राजा आहे. अल्बर्टातल्या डोंगरपायथ्याच्या फॉरेस्ट्री ट्रंक रोडवर, किंवा तेल-वायूच्या साइटकडे जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर, साध्या टायरची बाजू धारदार दगडाने फाटते. मोबाईलला रेंज नसते, तापमान उणे पंधरा असतं आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली चिखलात गोठलेली असते. अशा रस्त्यावर आठवड्यातून एकदा तरी जात असाल तर पुढचं न वाचता ऑल-टेरेन घ्या. वर्षातून दोनदा कॅम्पिंगला जाण्यासाठी घेऊ नका.

आणखी एक. मड-टेरेन हा प्रकार वेगळा. त्याचे गट्टू अजून मोठे, चिरा जवळपास नाहीतच. दिसायला रुबाबदार, पण शहरातल्या आइसवर सगळ्यात वाईट. जुन्या ट्रकवर ते आधीच चढवलेले असतील तर किंमत पाडून घ्या आणि टायर विकून टाका.

तिसरी पायरी : एक संच की दोन

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं उत्तर लोकांना आवडत नाही.

तुम्ही शहरात राहता, सकाळी साडेसातला निघता, मुलं मागे बसलेली असतात, तर डोंगर-हिमकणवाला ऑल-टेरेन असूनही हिवाळ्यासाठी खरे विंटर टायर वेगळे घ्या. दुसऱ्या रिमवर चढवून घ्या. कारण आपल्या शहराचा हिवाळा म्हणजे स्नो कमी आणि आइस फार, आणि त्याचं खापर शिनुकवर फोडायचं.

शिनुक हा रॉकीजवरून उतरणारा कोरडा, उबदार वारा. पश्चिमेला ढगांची कमान दिसली की ओळखायचं. सकाळी उणे अठरा, दुपारी अधिक आठ, लोक टी-शर्टवर. स्नो वितळतो, रस्ताभर पाणी होतं. रात्री पुन्हा पारा उतरतो आणि चौकाचौकात काच तयार होते. चौकातच जास्त, कारण थांबलेल्या आणि निघणाऱ्या गाड्यांची चाकं घासून घासून तिला पॉलिश करतात. सगळ्यात घसरडी आइस शून्याच्या आसपासची असते, तिच्यावर पाण्याचा थर असतो. उणे तीसमधली आइस त्या मानाने बरी. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीत रस्ता जसा मुसळधार पावसातल्यापेक्षा जास्त निसरडा असतो, तसंच.

विंटर टायरचं रबर वेगळं असतं. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी रबर ताठ व्हायला लागतं, विंटरचं मऊ राहतं. त्याच्या ठोकळ्यांवर चिरांची जाळी असते. हे काम फार जुनं आहे. फिनलंडच्या नोकियनने १९३४ मध्ये ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला, तो गाडी स्नोतून पुढे जावी म्हणून. आजचा विंटर टायर मुख्यतः गाडी थांबावी म्हणून घ्यायचा असतो.

दोन संच परवडत नाहीत किंवा ठेवायला जागा नाही? इमारतीत राहणाऱ्यांची ही खरी अडचण आहे, टायरच्या दुकानांत हंगामापुरते ठेवून घेतात, चौकशी करा. तेही जमत नसेल आणि ट्रकला खडीवर जावंच लागत असेल, तर डोंगर-हिमकणवाला, भरपूर चिरांचा ऑल-टेरेन बारा महिने ठेवा. फाल्कन वाइल्डपीक ए/टी३डब्ल्यू, टोयो ओपन कंट्री ए/टी ३, बीएफ गुडरिच केओ२ या सगळ्यांवर ती खूण आहे. आइसच्या दिवशी मात्र तुमची गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा उशिरा थांबणार, हे धरूनच चालवा. मी स्वतः पाच वर्षं असं काढलं. चौकाच्या दीडशे मीटर आधी पाय उचलायची सवय लागली, ती अजून गेली नाही.

खिळेवाले, म्हणजे स्टडेड टायर अल्बर्टात चालतात. काही ऑल-टेरेनमध्ये खिळ्यांसाठी भोकं असतात, पण खिळे न वापरलेल्या नव्या टायरमध्येच बसवायचे. एकदा रस्त्यावर चाललेल्या टायरच्या भोकात वाळू जाऊन बसते, मग खिळा टिकत नाही.

कायद्याचं थोडक्यात

अल्बर्टात विंटर टायरची सरसकट सक्ती नाही. पण बॅन्फच्या पुढे ट्रान्स-कॅनडा हायवेने किकिंग हॉर्स खिंड ओलांडलीत की ब्रिटिश कोलंबिया लागतं. तिथे डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल एम+एस किंवा डोंगर-हिमकण खुणेचे टायर लागतात आणि नक्षी किमान ३.५ मिलिमीटर हवी. काही सखल महामार्गांवर ही मुदत ३१ मार्चला संपते. क्यूबेक जास्त कडक: १ डिसेंबर ते १५ मार्च, आणि तिथे नुसतं एम+एस चालत नाही, डोंगर-हिमकण हवा. नोकरीसाठी मॉन्ट्रियलला ट्रक घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ऑन्टारियोत सक्ती नाही, पण विंटर टायर लावले तर विमा कंपन्यांना २०१६ पासून सवलत द्यावीच लागते. विमावाल्याला स्वतःहून सांगा, तो आठवण करून देणार नाही.

चौथी पायरी : खोली मोजा

नवीन ऑल-टेरेनची नक्षी साधारण १० ते १४ मिलिमीटर खोल असते. कायद्याची खालची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १.६, पण तो आकडा हिवाळ्यात विसरा. स्नोसाठी ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदला, मी तर पाचलाच बदलतो. ऑल-टेरेनमध्ये आणखी एक गोम आहे. बऱ्याच टायरच्या चिरा तळापर्यंत जात नाहीत. अर्धा झिजला की चिरा पुसट होतात, ठोकळा मात्र उंच दिसतो. लांबून टायर "अर्धा शिल्लक", आइसच्या दृष्टीने मात्र गोटा. डेप्थ गेज चार-पाच डॉलरला मिळतो. तिन्ही-चारही खाचांत घालून बघा आणि चिरा डोळ्यांनी बघा.

पाचवी पायरी : हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर कंपनीने दिलेला आकडा, समजा ३५ पीएसआय. टायरच्या बाजूवर लिहिलेला मोठा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरायची नसते. माझ्या ओळखीच्या एकाने ८० वाचून ८० भरली होती, मुलांनी मागे बसायला नकार दिला.

थंडीत हवा आकसते. दर १० अंशांना दोनेक पीएसआय धरा. सप्टेंबरात अधिक वीसमध्ये ३५ भरलेली हवा उणे पंचवीसच्या सकाळी २७-२८ होते. हवा कुठे गळालेली नसते. डॅशबोर्डवर पिवळी खूण लागते ती साधारण पाव हवा कमी झाली की, म्हणजे दिवा लागेपर्यंत तुम्ही कमी हवेवरच फिरत असता. गाडी रात्रभर उभी असताना, निघण्याआधी, बाहेरच्या थंडीत मोजा. गरम गॅरेजमध्ये मोजलेला आकडा बाहेर टिकत नाही.

आता एलटीची भानगड. तुमच्या हाफ-टनवर मुळात पी टायर होते आणि तुम्ही एलटी चढवले, तर स्टिकरवरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. तेवढंच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते, बऱ्याचदा दहाएक पीएसआय तरी. नेमका आकडा टायर कंपनीच्या लोड टेबलमध्ये, म्हणजे किती वजनाला किती हवा याच्या तक्त्यात, असतो. दुकानदाराला "लोड टेबल बघून सांग" असंच सांगा. तो खांदे उडवून "फॉर्टी-फाइव्ह टाकतो" म्हणाला, तरी तक्ता दाखवायला लावा.

सहावी पायरी : बसवून घेताना

अपॉइंटमेंट सप्टेंबरात घ्या. पहिला स्नो पडला की टायरच्या दुकानात रांग दोन-तीन आठवड्यांची होते. स्नो ऑक्टोबरात येईल असंही समजू नका. २०१४ मध्ये कॅलगरीत ८ ते १० सप्टेंबरला एवढा जड स्नो पडला की पानांनी भरलेल्या झाडांच्या फांद्या मोडून रस्त्यांवर आल्या.

चारही टायर सारखेच घ्या. "मागे दोन घे, पुढे नंतर बघू" हा आपला हिशेब फोर-व्हील-ड्राइव्हच्या गिअरलाही मानवत नाही आणि आइसवर गाडीलाही. हिवाळ्यासाठी मापाचा मोह टाळा. रुंद टायर स्नोवर तरंगतो, अरुंद टायर तो कापून खाली पोहोचतो. दारावरच्या स्टिकरवर जे माप आहे तेच ठेवा. त्याहून मोठा व्यास घेतलात तर स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवायला लागतो, आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो ते वेगळंच.

चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, तपासून घ्या. एफ-१५० ला १५० फूट-पाउंड, सिल्व्हराडो १५०० ला १४०. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. दुकानं हे फुकट करतात, पावतीवर छापलेलंही असतं, तरी कोणी परत जात नाही. मी जातो, कारण एकदा पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट हातानेच फिरले होते.

ऑल-टेरेन दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढे-मागे फिरवून घ्या. मघाशी सांगितलेली बेअरिंगची शंका यानेच टळते.

सातवी पायरी : रिकाम्या पार्किंगमध्ये शिका

रविवारी सकाळी लवकर एखादं मोठं, खांब नसलेलं मोकळं पार्किंग गाठा. वीसच्या वेगाने या आणि ब्रेक पूर्ण दाबा. पेडल थरथरेल, पाय काढू नका. गाडी कुठे थांबली ते बघा. मग तिसाने या. वेग दीडपट आणि अंतर दुपटीहून जास्त, हे वाचून कळत नाही, खिडकीतून मान बाहेर काढून चाकांचे माग बघितले की पोटात कळतं. मग फोर-व्हील लावून हेच करा. निघताना ट्रक बाणासारखा सुटेल. थांबताना काडीचा फरक नाही. चारही चाकांना ब्रेक टू-व्हीलमध्येही असतातच. स्नोच्या दिवशी महामार्गाच्या कडेला खड्ड्यात उलटे पडलेले ट्रक बघाल, त्यातले बरेच फोर-व्हीलवालेच असतात.

पार्टटाइम फोर-व्हील (गरजेपुरतं हाताने लावायचं) असलेला ट्रक कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ओढ देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये, चालवू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, गिअर अडकतो आणि गाडी उड्या मारल्यासारखी करते. ऑटो मोड असेल तर मिश्र रस्त्यावर तो लावा.

पिकअपचा मागचा भाग रिकामा असला की हलका, आणि ओढ मागच्या चाकांची. वळणावर शेपूट बाहेर जायला एवढं पुरतं. वाळूच्या चार-पाच गोण्या मागच्या आसाच्या बरोबर वर ठेवा, दोरीने बांधून. अगदी मागे, फळीजवळ ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फसवं होतं. अडकलात तर यातलीच एक गोणी फोडून चाकाखाली वाळू टाकता येते.

उणे पंचवीसची पहिली सकाळ

गाडीची ब्लॉक हीटरची (रात्रभर इंजिन उबदार ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची) वायर काढायला विसरू नका, पहिल्या हिवाळ्यात प्रत्येक जण ती एकदा तरी फरफटत नेतो. निघाल्यावर पहिला अर्धा-एक किलोमीटर चाकं चौकोनी असल्यासारखी ठक-ठक वाजतील. रात्रभर उभ्या गाडीच्या वजनाने टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि थंडीत तसाच ताठरतो. जाड एलटी टायरमध्ये हे जास्त जाणवतं. हळू चालवा, रबर थोडं गरम झालं की ते आपोआप जातं. पाच किलोमीटर झाले तरी ठक-ठक तशीच असेल, तर गाडी बाजूला घ्या, हातमोजे घाला, आणि आधी नट बघा, मग चाकाच्या आतल्या बाजूला गोठून बसलेला स्नोचा गोळा. माझ्या अनुभवात दहातून नऊ वेळा तो गोळाच असतो. स्नो झाडायच्या ब्रशच्या दांड्याने ठोकून पाडा आणि निघा.